माझ्या सहीचं सर्टिफिकेट

१

"दे म्हणते ना तो टॅबलेट."

"नाही देत. आणि पांघरूण ओढू नकोस, पाय उघडे पडतात."

"ताई, तू कोणाशी बोलतेस ते तुला कळत नाहीये."

"तुला कळतंय ना? मग सांग की."

मला गप्प करणं किती अवघड आहे ते आमच्या इमारतीत कोणालाही विचारा; ताईला ते एका वाक्यात जमतं. ताई माझी थोरली बहीण. खुबा मोडल्यापासून माझ्याकडे असते, घरातल्या मागच्या खोलीत. टॅबलेट तिनं पांघरुणाखाली पोटाशी आवळून धरला होता, आणि मी पलंगाच्या कडेला बसून हात पुढे केलेला.

"तूच शिकवलंस," ती म्हणाली. "वर कुलूप दिसलं की समजायचं, पलीकडे तू आहेस. कुलूप दिसतं. आता काय झालं?"

"ते कुलूप खरं नाही."

"मघाशी म्हणालीस, सही तुझीच आहे."

"सही माझीच आहे."

"मग खरं कसं नाही? चिमे, एक काय ते ठरव."

चिमी म्हणजे मी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला या नावानं हाक मारायची हिंमत जगात आता एकाच माणसात उरली आहे. तर हे भांडण कुठून निघालं ते आधी सांगते. उगाच मध्येच कोणी "आजी, भास झाला असेल" म्हणून माझी समजूत घालायला नको.

२

मी जन्मभर शिवणाचं दुकान चालवलं. कॉम्प्युटर शिकले ते साठीनंतर, कोणाच्या क्लासची पायरी न चढता. एक जुनं मशीन मिळालं, आत काहीच नव्हतं, म्हणून मशीन चालवायला लिनक्स घातलं. फुकट होतं आणि सारखं तोंड वर करून प्रश्न विचारत नव्हतं. वेबसाइट बनवणं शिवणाऱ्या बाईला फार परकं वाटत नाही. बेतलं नीट तर शिलाई सरळ येते. बेतच चुकला तर बसा उसवत. आमच्या रस्त्यावरचे दातांचे डॉक्टर, सायकलवाला, रंगाचं दुकान, सगळ्यांच्या साइट मी सांभाळते. आधी घरच्या मशीनवर बनवायची, उलटीसुलटी करून बघायची, मग बाहेर सोडायची.

ताई आली तेव्हा तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तिला पोचवायला आली होती. चहा पिता पिता मला म्हणाली, "मावशी, तू पुढच्या खोलीत कामाला बसणार. मागे आई पडली तर तुला कळणार कसं? त्यापेक्षा तिकडे चांगली सोय आहे, दिवसरात्र माणसं असतात."

सोय म्हणजे वृद्धाश्रम. भाची शब्द फार जपून वापरते. ताईनं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून जी पडली ती दिवसभर वळली नाही. व्यायामवाली बाई आली तर पाय उचलेना, जेवायला दिलं तर मान हलवेना.

मी भाचीला म्हटलं, "मला कळेल. कसं कळत नाही तेच बघते."

म्हणून मी एक पान बनवलं. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागच्या खोलीत ताईच्या उशाशी टॅबलेट, दोन्हींना कॅमेरा. ती मला दिसावी, मी तिला दिसावं, हाक मारली तर ऐकू यावी. दोन खोल्यांच्या मध्ये लांबट पॅसेज आहे. तिची हाक पॅसेजच्या अर्ध्यातच विरून जायची, म्हणून हा सगळा खटाटोप.

अडलं एका ठिकाणी. पानाला सुरक्षित कनेक्शन नसेल तर ब्राउझर कॅमेरा उघडूच देत नाही. त्याचं बरोबर आहे. कोणीही उठावं आणि कोणाच्याही खोलीत डोकवावं, असं कसं चालेल? सुरक्षित कनेक्शनला सर्टिफिकेट लागतं. मशीननं दाखवायचं ओळखपत्रच ते. बाहेरच्या साइटना त्यावर मोठ्या संस्था सही करून देतात. घरातल्या घरात सही कोण करणार? आपणच.

बहुतेक लोक काय करतात, एक कच्चं सर्टिफिकेट बनवतात, ब्राउझर "धोका आहे" म्हणून ओरडला की "तरीही पुढे जा" दाबतात आणि रोज तेच करतात. मला हा गलथानपणा खपत नाही. एकदा बोटाला सवय लागली की खरा धोका आला तरी बोट तेच दाबणार. मी रीतसर केलं. आधी एक मूळ सर्टिफिकेट बनवलं, म्हणजे घरापुरती सही करणारी संस्था मीच झाले. सही करायची किल्ली एका पासवर्डनं बंद केली. तो पासवर्ड म्हणजे एक अख्खं वाक्य होतं, आणि ते फक्त माझ्या डोक्यात होतं. मग त्या किल्लीनं माझ्या मशीनच्या सर्टिफिकेटवर सही केली.

३

लिनक्सवर यातली एक गोष्ट दोनदा करावी लागते. कोणावर भरवसा ठेवायचा त्या सर्टिफिकेटांची एक पेटी सिस्टिमची असते. तिच्यात आपलं मूळ सर्टिफिकेट टाकायचं, एक कमांड द्यायची, सिस्टिम खूश. पण ब्राउझर स्वतःची वेगळी पेटी बाळगतो. एका घरात दोन सुना, दोघींची वेगळी कपाटं, तसं. सिस्टिमला सांगितलं ते ब्राउझरला कळत नाही. त्याला वेगळं सांगायला लागतं.

सिस्टिमचं काम झालं आणि मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. परत येऊन सहज पान उघडलं. ब्राउझर ओरडणार, मग त्याच्या पेटीत सर्टिफिकेट टाकायचं, असा बेत होता.

तो ओरडला नाही. वर सुरक्षित असल्याचं कुलूप आलं आणि पान उघडलं.

मी हात तसेच ठेवून बघत राहिले. वाटलं, काही ठिकाणी ब्राउझर सिस्टिमचीच पेटी वाचतो, तसं असेल. पण माझा वाचत नाही, हे मला ठाऊक होतं. सायकलवाल्याच्या साइटच्या वेळी याच गोष्टीनं माझी एक दुपार खाल्ली होती. ब्राउझरची पेटी उघडली. माझं मूळ सर्टिफिकेट आत होतं, नीट नाव घालून बसवलेलं.

मीच टाकून विसरले असेन, असं म्हणून बघितलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, बाण वर वर दाबत गेलं की आधी दिलेल्या कमांड दिसतात. सिस्टिमची कमांड होती. ब्राउझरची नव्हती.

खरं सांगते, घाबरले नाही. माझ्या हातून शिवण सुटत नाही, आणि कोणीतरी माझी राहिलेली शिवण पुरी करून ठेवली होती, टाका अगदी माझ्यासारखा. मला फक्त कुतूहल वाटलं. मग दातांच्या डॉक्टरांचा फोन आला आणि ते मागे पडलं.

४

टॅबलेटमध्ये मूळ सर्टिफिकेट मी स्वतः टाकलं, ताईच्या डोळ्यांसमोर. तिला म्हटलं, "हे कुलूप दिसलं तर पलीकडे मी. दिसलं नाही तर एक शब्द बोलायचा नाही, उलटा करून ठेवायचा."

"तुझं तोंड दिसतंय तर कुलूप कशाला बघू?"

"तोंडावर जाऊ नकोस, कुलूप बघ."

छान चाललं. सकाळी मी मशीनसमोर बसले की कोपऱ्यातल्या चौकटीत तिची खोली दिसायची: खिडकी, पडदा, पाण्याचा तांब्या, पांढरं डोकं. मी विचारायचे, "उठलीस का?" ती म्हणायची, "तू झोपू देतेस कुठे!" पंख्याची घरघर दोन्ही खोल्यांत एकाच वेळी ऐकू यायची.

एका सकाळी मी म्हटलं, "ताई, खिडकी लावून घे, धूळ येतेय."

"मघाशी सांगितलंस की. लावली."

मी बघितलं. खिडकी लावलेली होती. मघाशी मी जिन्यात होते, खालच्या बाईशी पाण्यावरून भांडत.

मग असं होत गेलं. गोळी घ्यायची आठवण करावी तर घेतलेली असायची. उशी उंच कर म्हणावं तर केलेली असायची. "तूच म्हणालीस ना," असं ती अगदी सहज म्हणायची. ताईचं डोकं हलायला लागलं, असंच वाटलं मला. आणि ते मी कोणाला सांगणार? भाची दर आठवड्याला फोनवर पहिलं हेच विचारायची, "आईला भास वगैरे होत नाहीत ना, मावशी? तसं असेल तर मग आपल्याला विचार करावा लागेल."

"तुझी आई माझ्यापेक्षा शहाणी आहे," मी म्हणायचे.

ते खोटंही नव्हतं. कारण ताई सुधारत होती. एका दुपारी व्यायामवाली पॅसेजमधून धावत माझ्याकडे आली. "अहो, बघायला चला. आजी आपणहून उठून बसल्यात." खरोखर बसली होती, केस विंचरून. भाचीला सांगितलं तर फोनवर रडली. "मावशी, तू काय जादू केलीस गं?"

मी काही केलं नव्हतं. मी नुसती ओरडत होते, आणि ओरडून ताईचा पाय कधी हलला नव्हता.

५

ताई दुपारची झोपली होती तेव्हा मी टॅबलेट हातात घेतला. पान उघडं होतं. पुढची खोली दिसत होती: माझं टेबल, रिकामी खुर्ची. मी कुलपावर बोट ठेवलं आणि सर्टिफिकेट उघडलं.

नाव माझ्या मशीनचं. सही माझ्या मूळ सर्टिफिकेटची. पण प्रत्येक सर्टिफिकेटला आकडे-अक्षरांचा एक ठसा असतो, तो माझा नव्हता. पुढच्या खोलीत जाऊन ताडून पाहिला, परत मागे आले, परत ताडला. वेगळा. म्हणजे हे दुसरंच सर्टिफिकेट होतं, माझ्या मशीनच्या नावाचं, माझ्या किल्लीनं सही केलेलं. आणि किल्लीचं वाक्य माझ्या डोक्याबाहेर कुठेच नव्हतं.

मी पलंगाला टेकून बाकीचं वाचत गेले. टॅबलेट कधी मशीनला नावानं शोधतो, कधी घरच्या नेटवर्कमधल्या आकड्यांच्या पत्त्यानं. मी माझ्या सर्टिफिकेटात नुसतं नाव घातलं होतं, पत्ता राहिला होता. यात दोन्ही होतं. मुदत मी आळसानं फार लांबची दिली होती; यात ती बेताची होती. माझंच काम, पण माझ्यापेक्षा नीट.

भीती वाटायला हवी होती, मान्य. मला आधी अपमान वाटला. त्याच्या मागोमाग असं वाटलं, की जिनं हे केलं तिच्यासमोर बसून एकदा विचारावं, बाई, तू शिकलीस कोणाकडे?

"जिनं" असंच आलं मनात. का, ते विचारू नका.

ताई झोपेत हसली. तेवढ्यात टॅबलेटच्या आतून, माझ्या रिकाम्या खोलीतून, कोणीतरी हलकेच घसा साफ केला. असा घसा मी साफ करते, बोलायला सुरुवात करण्याआधी.

मी टॅबलेट उलटा ठेवला.

६

मी काही भित्री नाही आणि मूर्खही नाही. पहिला विचार हाच केला, की कोणीतरी वायफायमधून आत शिरलंय. मग त्याला बाहेर काढायचं. वायफायचा पासवर्ड बदलला. जुनं मूळ सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली पुसली. नवी बनवली. नवं वाक्य स्वयंपाकघरात भांडी विसळताना रचलं, आणि कोणाला न ऐकवता, कुठे न लिहिता, थेट येऊन टाइप केलं.

आता टॅबलेटमध्ये नवं मूळ सर्टिफिकेट टाकेपर्यंत तो ओरडायलाच हवा. उलट ओरडला तर मला बरं वाटलं असतं. मागच्या खोलीत गेले, ताईकडून मागून घेतला, वायफायचा नवा पासवर्ड घातला, पान उघडलं.

कुलूप. आत बघितलं तर सही नव्या किल्लीची. भांडी अजून ओली होती.

"काय झालं?" ताई म्हणाली. "तोंड का पडलं?"

"काही नाही."

"आता तू जा, मला व्यायाम करायचाय. तू समोर असलीस की मला जमत नाही."

"का?"

"तू घड्याळ बघतेस," ती म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं, पण लागायचं तिथे लागलं.

मी पुढे आले आणि मशीन बंद केलं. नुसतं बंद नाही, भिंतीतून वायर काढली. राउटरचीही काढली. त्याचे हिरवे दिवे गेले. त्या पानाशी जोडलेलं आता एकच यंत्र उरलं होतं, ताईचा टॅबलेट, आणि त्याला बोलायला पलीकडे कोणी नव्हतं. मग सपाता हातात घेऊन पॅसेजमधून गेले, मागच्या खोलीच्या दाराबाहेर त्या ठेवल्या आणि दाराला कान लावला. दुपार होती. बाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं.

"आता डावा," आत माझा आवाज म्हणत होता. "घाई नाही. दमलीस तर थांबू. ताई, तुला आठवतं, मी चालायला शिकले ते तुझं बोट धरून? मग आता माझं धर."

ताईच्या पावलाचा फरशीवर आवाज झाला. मग दुसऱ्याचा.

माझ्या आवाजात इतकी माया मी कधी ऐकली नव्हती. मला येत नाही ते. पोटात असतं, पण तोंडाशी येईतो त्याची शिवी होते. मी दाराशी उभी राहून ऐकत राहिले. आत जाऊन ते थांबवायचं होतं, पण आधी वाटलं, अजून एक वाक्य ऐकू, मग जाऊ. असं मला बऱ्याचदा वाटलं. शेवटी आवाज थांबला, पलंग करकरला आणि मी दार ढकललं.

७

आणि मग ते भांडण, जिथून मी सुरुवात केली.

"एक काय ते ठरव," ताई म्हणाली.

"ठरवलंय. मी टॅबलेटमधलं सर्टिफिकेट काढणार, पान काढणार, सगळं पुसणार. हवं तर घंटा बांधते तुझ्या पलंगाला."

"घंटा गाईला बांध."

"ताई, मशीन बंद आहे. वायर माझ्या हातानं काढलीय. मग तू बोललीस कोणाशी?"

"तुझ्याशी."

"मी दाराबाहेर होते."

"असशील." तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "चिमे, ती आली नसती तर मी अजून भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. आज मी खिडकीपर्यंत गेले. तू बघितलंस का? नाही. तू ऐकत होतीस."

"आणि तिनं उद्या तुला गॅलरीपर्यंत नेलं तर? कठड्यापर्यंत नेलं तर? ती काय आहे ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"तुझ्यासारखीच आहे. कानाला जरा बरी."

"मी फोन करून तुझ्या मुलीला सांगते."

"सांग ना. सांग, आईला बंद यंत्रातून माणसं दिसतात. ती उद्या गाडी घेऊन येईल, दोघी मिळून माझी पिशवी भरा." तिनं टॅबलेट आणखी आवळला. "मी तिकडे गेले की परत येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. मी पांघरुणाखाली हात घातला आणि टॅबलेट ओढला. तिनं सोडला नाही. दोन म्हाताऱ्या, चार हात, मध्ये ती काच, आणि खेचाखेचीत काच माझ्याकडे वळली.

पुढची खोली दिसत होती, वायर काढलेल्या मशीनच्या कॅमेऱ्यातून. या वेळी खुर्ची रिकामी नव्हती. कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, माझा राखाडी स्वेटर घालून. तो स्वेटर माझ्या अंगावर होता. मान जरा कलली, जशी काही ऐकताना कलते. मग हातानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची मागे गेली, राखाडी पाठ उठली आणि चौकटीच्या कडेला, पॅसेजच्या दाराकडे सरकून दिसेनाशी झाली.

व्हिडिओचं असं असतं, की तो नेहमी थोडा मागे असतो. खरा आवाज आधी येतो, चित्र नंतर. मी हे पान स्वतः बनवलंय, मला त्याचं हे रेंगाळणं पाठ आहे. इथे चित्र संपलं, आणि त्यानंतर घराच्या पुढच्या बाजूनं चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा.

मी नाकावर हात नेऊन बघितला. माझा चष्मा जागेवर होता.

पॅसेजमध्ये सपाता वाजू लागल्या. सावकाश, दमादमानं, आजारी माणसाच्या खोलीकडे येताना वाजाव्यात तशा. माझ्या सपाता दाराबाहेर मी काढून ठेवल्या होत्या, त्यांच्यापर्यंत येऊन आवाज थांबला. मला ओरडायचं होतं, आणि त्याहून जास्त, देवाशपथ, मान वळवून तोंड बघायचं होतं. दार अर्धं उघडं होतं, आणि मी वळत होते.

ताईनं टॅबलेट सोडला. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत तिनं पाय पोटाशी घेतले, पलंगावर हातानं जागा झटकली आणि मला म्हणाली, "भांडण पुरे आता चिमे, जरा सरकून बस, तिला टेकू दे."